ताप उतरला, आता गोळ्या किती दिवस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ६८, मधुमेह आहे. लावणीच्या दिवसांत खोकला आणि ताप आला, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसात खाली न्यूमोनिया दिसला. तालुक्याच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडच्या गोळ्या पाच दिवस आणि अझिथ्रोमायसिन तीन दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी तपासून डॉक्टर म्हणाले, आता बंद करा. मुंबईचा भाऊ म्हणतो, कोर्स अर्धवट राहिला, आता जंतू सोकावतील. त्यानं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आणखी पाच दिवसांच्या गोळ्या पाठवून दिल्यात. शेजारच्या काकूंना मागं न्यूमोनिया झाला तेव्हा दहा दिवस दिल्या होत्या. तर आईला या गोळ्या द्यायच्या की नाही?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. देऊ नका, पण पाच गोष्टी घरीच बघून घ्या. पॅरासिटामॉल न देता निदान ४८ तास ताप १०० फॅरनहाइटच्या खाली आहे ना? ती शांत बसलेली असताना छातीची वरखाली मोजा, मिनिटाला २४ च्या आत हवी. नाडी १०० च्या आत हवी. कोविडच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र कुठेतरी फडताळात पडलं असेल, ते शोधा, सेल बदला. ऑक्सिजन ९४ किंवा वर असावा. आणि ती नेहमीसारखी बोलते, पेज पोटात ठरते, उठून न्हाणीपर्यंत जाते. हे सगळं जमत असेल तर पाच दिवस पुरे झाले. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर भावाच्या गोळ्या सुरू करून बघत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. अशा वेळी बहुतेकदा औषधाचे दिवस कमी पडलेले नसतात, काहीतरी वेगळंच चाललेलं असतं: छातीत पू, चुकीचं औषध, किंवा क्षयरोग.

खोकला मी या यादीत मुद्दामच घेतला नाही. न्यूमोनियातला खोकला जंतू मेल्यावरही तीन-चार आठवडे रेंगाळतो, थकवा त्याहून जास्त. एक्स-रेवरचा डाग म्हाताऱ्या माणसात सहा-सहा आठवडे दिसतो. खोकला आहे म्हणून अँटिबायोटिक वाढवणं म्हणजे आग विझल्यावर धूर दिसतो म्हणून पाणी ओतत राहणं.

आता काकूंचे दहा दिवस आणि तुमच्या आईचे पाच. दोन्ही डॉक्टर आपापल्या काळात बरोबरच होते. मीही तीसेक वर्षांपूर्वी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा न्यूमोनियाला डोळे मिटून दहा दिवस लिहायचो, कधी चौदा. का, असं कोणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या सरांनी लिहिले, म्हणून आम्ही लिहिले.

या सवयीचं मूळ फार मागं जातं. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिलं गेलं. हे औषध रोगी माणसावर वापरण्याची ती अगदी सुरुवात. चेहरा, डोळा, फुप्फुस सगळीकडे पू झालेला. चार-पाच दिवसांत माणूस सुधारला, जेवायला लागला. आणि पेनिसिलिन संपलं. त्याच्या लघवीतून उतरलेलं औषध परत काढून त्यालाच देत होते, तरी पुरलं नाही. जंतू उलटले आणि तो गेला. ही गोष्ट त्या पिढीच्या मनावर कोरली गेली: औषध कमी पडता कामा नये. पुढं १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो, तो थोडंसंच पेनिसिलिन घेतो, घशातले जंतू मरत नाहीत पण औषधाला तोंड द्यायला शिकतात, तेच बायकोला लागतात आणि तिच्यावर औषध चालत नाही. ‘घ्यायचं तर पुरेसं घ्या’ हा त्यांचा सल्ला. गंमत अशी की त्यांनी ज्या घशाच्या जंतूचं, स्ट्रेप्टोकॉकसचं उदाहरण घेतलं, तो आज ऐंशी वर्षांनीही पेनिसिलिनला तितकाच घाबरून आहे. बाकीचे कितीतरी जंतू मुजोर झाले, हा नाही.

मग सात, दहा, चौदा हे आकडे आले कुठून? बरेचसे अंदाजानं. एका अमेरिकन संसर्गतज्ज्ञानं याची थट्टा केली आहे: रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं इ. स. ३२१ मध्ये सात दिवसांचा आठवडा पक्का केला म्हणून आपण सात आणि चौदा दिवस देतो. त्यानं चार दिवसांचा आठवडा केला असता तर चार आणि आठ दिले असते. माझी स्वतःची भर घालतो. आपल्याकडे पाकिटावरही दिवस ठरतात. दहा गोळ्यांचं पाकीट, दिवसाला दोन, झाले पाच दिवस. सहाचं असेल तर तीन. केमिस्ट पाकीट कापून द्यायला कुरकुरतो आणि डॉक्टर पुरं पाकीट लिहून मोकळा होतो. जंतूला पाकिटात किती गोळ्या आहेत ते ठाऊक नसतं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र हे आकडे तपासायला सुरुवात झाली. एका गटाला कमी दिवस, दुसऱ्याला जास्त, आणि बघायचं. न्यूमोनियाचंच घ्या. फ्रान्समध्ये ३१० रुग्णांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे इस्पितळात दाखल झालेले लोक होते, बहुतेक तुमच्या आईच्या वयाचे किंवा थोरले. तिसऱ्या दिवशी ज्यांची तब्येत स्थिरावली होती त्यांतल्या निम्म्यांचं औषध तिथेच थांबवलं आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना खऱ्या गोळ्या एकूण आठ दिवस. पंधराव्या दिवशी तीन दिवसवाले ७७ टक्के बरे, आठ दिवसवाले ६८ टक्के. म्हणजे कमी दिवसांनी काही बिघडलं नाही. मी तरीही तीन दिवसांवर थांबत नाही. ते लोक इस्पितळात, डॉक्टरच्या नजरेखाली स्थिरावले होते. माझा पेशंट घाटाखालच्या वाडीत, पावसात व्हाळ, म्हणजे ओढा, चढला की दोन दिवस येऊ शकत नाही. पाच दिवसांवर मी ठाम आहे, आणि आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही घरीदारी झालेल्या न्यूमोनियाला पाच दिवसच सांगतात. इस्पितळात असताना जडलेल्या न्यूमोनियाला आठ.

तुमच्या आईच्या अझिथ्रोमायसिनबद्दल एक गोष्ट भावाला सांगा. तीन दिवसच दिलं म्हणून ते तीन दिवसच काम करतं असं नाही. ते पेशींमध्ये साठून राहतं आणि हळूहळू उतरतं, शेवटची गोळी गिळल्यावरही काही दिवस अंगात असतं. म्हणून दोन औषधांच्या दिवसांची तुलना कॅलेंडरवर करता येत नाही.

आता ‘अर्धवट कोर्सनं जंतू सोकावतात’ या भीतीकडे येऊ. ही भीती आम्हीच पेरली, त्यामुळे भावाला दोष देण्यात अर्थ नाही. पण ती निम्मीच खरी आहे. तुमची आंब्याची बाग असेल तर हे लगेच कळेल. मोहोरावर तुडतुडा आला की फवारणी करतो. एकच औषध वर्षानुवर्षं, गरज नसताना, जास्तीच्या फेऱ्यांनी मारत राहिलं की तुडतुडा दाद देईनासा होतो. फवारणी कमी झाली म्हणून तो बळावला असं बागायतदार म्हणत नाही. जास्त झाली म्हणून म्हणतो. शिवाय मधमाश्या मरतात त्या वेगळ्याच. अँटिबायोटिकचंही तसंच. आपल्या आतड्यात, कातडीवर, नाकात असंख्य जंतू सुखानं नांदत असतात. फुप्फुसासाठी घेतलेली गोळी त्यांच्यावरही पडते. रोज जे मरतात त्यांची जागा दाद न देणारे घेतात. उद्या आईला लघवीचा संसर्ग झाला तर तो करणारा ई-कोलाय याच आतड्यातून येणार आहे, आणि दहा दिवसांच्या फवारणीतून वाचलेला असेल तर साध्या गोळीला जुमानणार नाही. म्हणजे बहुतेक साध्या आजारांत मुजोरी वाढवतात ते जास्तीचे दिवस.

जास्तीच्या दिवसांचा दुसरा खर्च अंगाला लागतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ४३ इस्पितळांतल्या न्यूमोनियाच्या ६,४८१ रुग्णांचे कागद तपासले. दोन-तृतीयांश लोकांना गरजेपेक्षा जास्त दिवस औषध दिलेलं होतं. त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत, परत दाखल होणं कमी झालं नाही. मात्र प्रत्येक जास्तीच्या दिवसामागं घरी गेल्यावर जुलाब, पुरळ यांसारखा त्रास होण्याची शक्यता पाच टक्क्यांनी वाढली. तुमच्या आईच्या वयात जुलाब म्हणजे सोपी गोष्ट नव्हे. जेवण कमी होतं, मधुमेहाच्या गोळ्या चालूच असतात, साखर खाली जाते आणि पहाटे ती न्हाणीच्या दारात पडलेली सापडते. असे पेशंट मी पाहिलेत.

ज्या आजारात भावाची भीती पूर्ण खरी आहे तो म्हणजे क्षयरोग. तिथं कोट्यवधी जंतूंमध्ये काही जन्मतःच एखाद्या औषधाला न जुमानणारे असतात. औषध एकटं दिलं किंवा मध्येच सोडलं तर तेवढेच उरतात, वाढतात आणि खोकल्यातून दुसऱ्याच्या फुप्फुसात जातात. म्हणून सुरुवातीला चार औषधं एकदम आणि एकूण सहा महिने. दोन महिन्यांत वजन वाढतं, खोकला जातो, माणूस बरा दिसतो. उरलेले चार महिने झोपी गेलेल्या जंतूंसाठी असतात. तिथं ‘बरं वाटतंय, बंद करू का’ या प्रश्नाला माझं उत्तर नाही, नाही आणि नाही. गोंधळ असा झाला की क्षयाचा हा नियम आम्ही घसा, लघवी, गळू, सगळ्यांना लावून टाकला.

तेव्हा किती दिवस हे आजारावर, तो अंगात कुठं बसलाय त्यावर आणि तुम्ही औषधाला कसा प्रतिसाद देता त्यावर ठरतं. माझ्या दवाखान्यात जे रोज येतं त्याबद्दल सांगतो.

बायकांची लघवीची जळजळ, ताप नाही, पाठ दुखत नाही: नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस, किंवा फॉस्फोमायसिनची एक पुडी एकदाच. एवढंच. ताप, थंडी आणि कुशीत दुखणं असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. तिथं साधारण सात दिवस, काही औषधांनी जास्त. पुरुषांना पूर्वी सरसकट चौदा दिवस द्यायचे. ताप नसेल तर सात पुरतात असं आता दिसलंय. गरोदर बाईला त्रास नसला तरी लघवीत जंतू सापडले तर उपचार करतात, आणि संपल्यावर परत तपासतात. इतर कुणी त्रास नसताना हौसेनं लघवी तपासून ‘पू निघाला’ म्हणून गोळ्या मागू नयेत. मधुमेहींनीही नाही.

पाय सुजून लाल होणं, ज्याला आम्ही सेल्युलायटिस म्हणतो, हा पावसाळ्यातला नेहमीचा पाहुणा. मळ्यात दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फाटते आणि तिथून जंतू शिरतात. याची एक गोष्ट सांगतो, माझ्यावरच हसण्याची आहे. एका तांडेलाचा, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्याचा, जुलैच्या शेवटी असा पाय सुजला. मी दहा दिवस लिहिले. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली आणि गडी पाचव्या दिवशी होडी घेऊन पसार. तीन आठवड्यांनी सरंग्याची पिशवी घेऊन दवाखान्यात हजर, पाय ठणठणीत. मी त्याला भरपूर बोललो. ‘डॉक्टरानू, बरो झालो तर औषध कित्याक?’ एवढंच तो म्हणाला. पुढं माझ्या वाचनात आलं की सेल्युलायटिसमध्ये पाच दिवस आणि दहा दिवस यांची समोरासमोर तुलना २००४ मध्येच झाली होती आणि पाच दिवस तितकेच चालले होते. तांडेल बरोबर होता, मी सवयीचा गुलाम होतो. मात्र त्यानं हे होडीत बसून ठरवलं, ते मला अजून पटत नाही. त्या औषधांच्या अभ्यासात पाचव्या दिवशी कुणीतरी पाय बघत होतं, सुधारला नसेल तर पुढं देत होतं.

सेल्युलायटिसमध्ये पहिल्या दिवसा-दोन दिवसांत लाली थोडी पसरू शकते, घाबरायचं नाही. पेनानं कडेची रेघ मारून ठेवा आणि पाय उशीवर वर ठेवा. ताप उतरला, दुखणं कमी झालं आणि रंग फिका पडू लागला की पाच ते सहा दिवसांत थांबता येतं. काळसर डाग, फोड, किंवा दिसतं त्यापेक्षा भयंकर दुखणं, हे मात्र त्याच तासाला इस्पितळात. समुद्राच्या पाण्यात जखम झालेल्या, मधुमेह किंवा दारूनं यकृत खराब झालेल्या माणसात हे काही तासांत जिवावर बेततं. आणि चिखल्यांना बुरशीचं मलम लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भेटू.

गळू असेल तर दिवस मोजण्याआधी चिरा द्यावा लागतो. पू आत ठेवून वीस दिवस गोळ्या खाल्ल्या तरी फुकट. दाताचंही तेच.

घशाचं जरा सविस्तर लिहितो, कारण इथंच सगळ्यात जास्त गल्लत होते. दुखणारे बहुतेक घसे विषाणूंमुळे असतात. नाक वाहतं, खोकला आहे, आवाज बसलाय, तर अँटिबायोटिक शून्य दिवस. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि चार दिवस धीर. पण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला एकदम ताप, गिळता येत नाही, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी, असं असेल तर तो स्ट्रेप्टोकॉकस असू शकतो. तिथं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस. मूल तिसऱ्या दिवशी अंगणात खेळायला लागतं, आणि आई बाटली बाजूला ठेवते. घसा तर बरा झालेलाच असतो. हे दहा दिवस हृदयाच्या झडपांसाठी असतात. घशात उरलेल्या या जंतूशी लढताना शरीर कधीकधी स्वतःच्याच झडपांवर उलटतं, त्यातून संधिवाताचा ताप आणि पुढं झडपांचा कायमचा आजार. युरोपात हा आजार जवळपास संपलाय, म्हणून तिकडे आता पाच दिवसांवर येण्याची चर्चा आहे. स्वीडनमध्ये तसा अभ्यास झाला. पाच दिवसांत, रोज जास्त वेळा औषध देऊन, लक्षणं तितकीच बरी झाली, पण घशातून जंतू पुसून टाकण्यात पाच दिवस थोडे मागं पडले. आपल्याकडे झडपांचा आजार अजून घराघरांत आहे. पंचविशीतली बाळंतीण धाप लागून येते, कानाला नळी लावली की झडपेचा आवाज, आणि लहानपणी कधी घसा दुखला होता ते कुणालाच आठवत नाही. त्यामुळे मी दहा दिवसच देतो. दहा दिवस औषध जाणारच नाही असं घर बघून कळतं. तिथं पेनिसिलिनचं एकच दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन, काम तमाम.

मुलांच्या कानाचं उलटं उदाहरण आहे. कमी दिवस सगळीकडे चालतात असं समजून अमेरिकेत दोन वर्षांखालच्या ५२० मुलांना पाच विरुद्ध दहा दिवस देऊन पाहिलं. पाच दिवसवाल्यांत ३४ टक्के मुलांना आराम पडला नाही, दहावाल्यांत १६ टक्के. म्हणून तान्ह्या मुलाच्या कानाला दहा दिवस, मोठ्या मुलाला पाच-सात. या सिरपबद्दल एक सांगायचं राहील म्हणून इथंच सांगतो: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकची पावडर पाण्यात कालवली की फ्रीजमध्ये ठेवून सातच दिवस चालते. दहा दिवसांसाठी दुसरी बाटली लागते, आणि ती सात दिवस झाल्यावरच कालवायची. वादळात वीज गेली दोन दिवस तर फ्रीज हे नुसतं कपाट असतं, हेही लक्षात असू दे.

आपल्या पावसाळी तापांचं. लेप्टोला, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून येणाऱ्या तापाला, डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गंभीर असेल तर दाखल करून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायक्सोन. आरोग्य खात्याची माणसं लावणीच्या वेळी जी गोळी देतात, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, ती आजार होऊ नये म्हणून असते. ताप आल्यावर तेवढ्यावर भागत नाही, आणि ती घेत असूनही ताप आला तर यायला उशीर करू नका. स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप, त्यालाही डॉक्सीसायक्लिन, तेही सातच दिवस. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली शोधा. या औषधानं ताप दोन दिवसांत झपकन उतरतो. नाही उतरला तर निदान तपासून बघायला हवं. डॉक्सीसायक्लिन पोटभर पेज जेवल्यावर, मोठा तांब्याभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या यांच्याबरोबर नको. गरोदर बायकांना नको, त्यांच्यासाठी दुसरं औषध आहे.

टायफॉइडमध्ये लोकांचा धीर सुटतो. योग्य औषध चालू असूनही ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून डॉक्टर बदलला जातो, नवा डॉक्टर औषध बदलतो, आणि पाचव्या दिवशी ताप उतरल्याचं श्रेय त्याला मिळतं. अझिथ्रोमायसिन सात दिवस, सेफ्ट्रायक्सोन दहा ते चौदा. इथं लवकर थांबवू नका. दोन-तीन आठवड्यांनी ताप उलटतो.

डेंगी, साधा विषाणूताप, आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून दिसणारा माकडताप: अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. एक दिवससुद्धा नाही.

लांब चालणाऱ्यांतला एक आजार आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना माहीत असावा, कारण तो क्षयासारखा किंवा न्यूमोनियासारखा सोंग घेऊन येतो: मेलिऑइडोसिस. ओल्या मातीतला जंतू, पावसाळा, भातशेती आणि मधुमेह हे त्याचं समीकरण. दक्षिणेला उडुपी-मणिपालच्या पट्ट्यात तो चांगलाच ओळखीचा आहे. आधी निदान दहा ते चौदा दिवस शिरेतून इंजेक्शनं, मग तीन महिने को-ट्रायमॉक्सझोलच्या गोळ्या. माझा एक पेशंट महिन्याभरात गुटगुटीत झाला, गोळ्या महिनाभर बंद, आणि दिवाळीत यकृतात गळू घेऊन परत. तसंच मासे साफ करताना शिंगाळ्याचा काटा बोटात गेला आणि तिथं एक गाठ आली, दुखत नाही पण महिनाभर जातही नाही, तर ती पाच दिवसांच्या गोळीनं जायची नाही. तो क्षयाच्या जंतूचा पाण्यातला चुलतभाऊ असू शकतो. तुकडा तपासून काही महिने औषध लागतं. हाडाचा संसर्ग साधारण सहा आठवडे, हृदयाच्या झडपेवरचा चार ते सहा.

रक्तात जंतू सापडले की सगळे घाबरतात आणि चौदा दिवस गृहीत धरतात. २०२४ मध्ये सात देशांतल्या ३,६०८ रुग्णांचा अभ्यास आला: सात दिवस दिलेल्यांत ९० दिवसांत १४.५ टक्के दगावले, चौदा दिवसवाल्यांत १६.१. सात कमी पडले नाहीत. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू त्यात मुद्दाम घेतला नव्हता, कारण तो झडपेत, मणक्यात लपून बसतो. इतकी बारीक अट असते, म्हणून हे आकडे वाचून कुणी घरी स्वतःचा कोर्स ठरवू नये.

मधुमेह आहे म्हणून आईला आपोआप जास्त दिवस लागतात का, हा तुमच्या प्रश्नात दडलेला प्रश्न. नाही. तिची साखर ताब्यात नसेल तर इन्सुलिन लागेल, जादा गोळ्या नव्हे.

आणि एक स्वतःची चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पेशंटचा खोकला जात नव्हता. तीन ठिकाणी दाखवून आला होता, प्रत्येकानं पाच-सात दिवस काहीतरी दिलेलं. मी लेव्होफ्लॉक्सासिन दिलं. त्याला बरं वाटलं, आम्ही दोघं खूश. दोन महिन्यांनी रक्त पडलं तेव्हा क्षय निघाला. हे औषध क्षयाच्या जंतूवरही थोडं चालतं, त्यामुळे आजार दबतो, थुंकीत सापडत नाही आणि निदान लांबतं. तेव्हापासून थुंकी तपासल्याशिवाय मी ते खोकल्याला लिहीत नाही. तुमच्या भावानं पाठवलेल्या पाकिटात नेमकं कोणतं औषध आहे ते म्हणूनच वाचा. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, मुंबईतही.

आईसाठी आता एवढं करा. ताप पुन्हा आला, धाप वाढली किंवा ती गुंगीत बोलू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. खोकला हळूहळू कमी होत असेल तर काहीही नको. आणखी दोन आठवडे तसाच राहिला किंवा वजन उतरलं तर सरकारी दवाखान्यात थुंकी द्या, फुकट होते. सहा आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढा, या वयात डाग पूर्ण गेला की नाही ते बघायला हवं, त्यामागं दुसरं काही लपलेलं नसावं. ती बरी झाल्यावर न्यूमोकॉकल आणि फ्लू या दोन लशींबद्दल डॉक्टरांना विचारा. पाकीट फोडलं नसेल आणि बिल असेल तर भाऊ गणपतीला येईल तेव्हा त्याच्याकडेच द्या, केमिस्टला परत करू दे. फडताळात ठेवू नका. पुढच्या सर्दीत कुणीतरी त्यातल्या दोन गोळ्या घेणारच. व्हाळात किंवा विहिरीकडच्या परसात टाकू नका.